पेव्हर ब्लॉक धुणारे दारात आले तर धुवून घ्या, कोटिंग मात्र त्या दिवशी नाही

पाऊस ओसरला की पुण्यात बंगल्यांच्या नि रो-हाऊसच्या गल्ल्यांतनं छोटे टेम्पो फिरायला लागतात, मागे प्रेशर वॉशर, पाईपची वेटोळी, चार-दोन पांढरे कॅन, आणि त्यातला एक बोलका माणूस उतरून बेल वाजवतो. काका, पुढच्याच लेनमध्ये काम चालू आहे, तुमचे ब्लॉक पण पार काळे पडलेत, दिवाळीच्या आत चकाचक करून देतो, वरनं कोटिंग मारतो, पाच वर्षं बघायला नको. कोथरूड असो, सहकारनगर असो नाहीतर औंध-बाणेर, दुपारी घरात फक्त आजी-आजोबा असताना हे हमखास ऐकू येतं.

हे सगळे लुच्चे असतात असं अजिबात नाही. बरेच जण दिवसभर पाण्यात उभे राहून राबतात आणि धुण्याचं काम चोख करतात. भानगड असते ती कोटिंगची. म्हणून माझा साधा नियम आहे, धुणं आणि सील करणं (म्हणजे तेच कोटिंग, पाणी नि डाग आत मुरू नयेत म्हणून वरनं सीलर मारणं) ही दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या दिवशीची, दोन वेगळ्या पैशांची. धुणं दारातल्या माणसाकडून करून घ्यायला हरकत नाही. सील त्याच दिवशी कधीच नाही, मग तो कितीही गोड बोलू दे. यात संशयाचा भाग कमी आणि साध्या व्यवहाराचा जास्त, ब्लॉकने धुताना पोटात पाणी घेतलेलं असतं, ते बाहेर यायला दोन-तीन दिवस कोरडं ऊन लागतं, आणि ओल्या ब्लॉकवर सीलर मारला की ओल खाली अडकते आणि आठवड्याभरात वर दुधासारखे पांढरट ढग उठतात. ज्याला हे काम येतं त्याला हे माहीत असतंच. त्यामुळे "सकाळी धुतो, संध्याकाळी कोटिंग" असं जो म्हणतो त्याने स्वतःच तुम्हाला उत्तर देऊन टाकलं.

आधी खाली काय टाकलंय ते बघा

सगळ्यात आधी आपल्या पार्किंगमध्ये नक्की काय आहे ते ओळखा, कारण दारात आलेला माणूस सगळ्याला "ब्लॉक" किंवा "टाईल" म्हणतो आणि सगळ्यावर तेच औषध मारतो.

पुण्यात नव्या बंगल्यांत बहुतेक ठिकाणी सिमेंटचे इंटरलॉकिंग पेव्हर ब्लॉक असतात, घरच्या गाड्यांसाठी ६० मिलीमीटर जाडीचे, जिथे टँकर-बिंकर आत येतो तिथे ८० चे. जुन्या बंगल्यांत शहाबादी फरशी, नाहीतर कोटा किंवा तांदूर. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे ॲसिडच्या वेळी कामाला येईल. काही ठिकाणी नुसता ट्रिमिक्स काँक्रीटचा कोबा असतो. आणि हल्ली त्या खडबडीत चकचकीत पार्किंग टाईल्स निघाल्यात ना, त्या भाजलेल्या असतात, पाणी पीतच नाहीत, त्यांना सील करायचा प्रश्नच येत नाही. तरी त्यावर कोटिंग विकणारे भेटतात बरं का.

मग पाण्याची टेस्ट करा. कोरड्या ब्लॉकवर चार-पाच ठिकाणी अर्धा पेला पाणी ओता. पाणी मुरून जागा गडद झाली तर वर सीलर नाही. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर आधीचा सीलर अजून जिवंत आहे आणि नवीन मारायची गरजच नाही. काही ठिकाणी मुरतंय, काही ठिकाणी नाही असं असेल तर जुना सीलर उडत चाललाय, आणि तो कुठल्या जातीचा हे कळल्याशिवाय त्यावर दुसरा मारू नका. कापसाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन कोपऱ्यात घासा, पृष्ठभाग चिकट झाला तर बहुतेक जुना ॲक्रिलिकचा थर आहे.

गाडीची चाकं जिथे उभी राहतात तिथे ब्लॉक खचलेत का, पाय ठेवला की डुगडुगतात का, तेही बघून घ्या. आपल्याकडे बऱ्याच भागात खाली काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यात भराव नीट दाबला नसेल तर ब्लॉक खचणारच. हे कुठल्याही कोटिंगने थांबत नाही. तेवढे ब्लॉक उचलून, खाली कच घालून, दाबून परत बसवणं हे वेगळं काम आहे आणि ते धुण्याच्या आधी उरकायचं. गुलमोहोराच्या किंवा रेनट्रीच्या मुळाने ब्लॉक उचलले असतील तर तिथे धुणारा काहीच करू शकत नाही, त्याला दोष देऊ नका.

सील करायचंच का मुळात?

खरं सांगू का, साध्या राखाडी पेव्हर ब्लॉकला सील करायची बहुतेक घरांना गरज नसते. ब्लॉकच्या जॉइंटमधून पाणी खाली मुरतं हा त्यांचा गुणच आहे, आणि ज्यांनी रेनवॉटर हार्वेस्टिंग करून प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलत घेतलीय त्यांनी तर अंगणातलं पाणी मुरण्याच्या वाटा बुजवण्याआधी दहादा विचार करावा.

मग कोणी करावं? गाडी ऑईल गळते, दारात जांभळाचं झाड आहे आणि जूनमध्ये सगळं अंगण जांभळं होतं, किंवा लाल-पिवळे रंगीत ब्लॉक हौसेने टाकलेत आणि रंग उडतोय, नाहीतर दगड फार पाणी पितो आणि दिवाळीतल्या पणत्यांच्या तेलाचे डाग वर्षभर राहतात. अशांना उपयोग होतो, आणि तोही एवढाच की डाग आत मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पुसून घेता येतो. डाग पडतच नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ऐकून सोडून द्या.

सीलर ढोबळमानाने दोन जातीचे. एक आत मुरणारा, सायलेन-सायलॉक्सेनचा, जो दिसत नाही, चमकत नाही, ब्लॉकच्या छिद्रांच्या भिंतींना पाणी चिकटू देत नाही आणि आतली ओल मात्र वाफ होऊन बाहेर पडू देतो. दुसरा वर थर करणारा, ॲक्रिलिकचा, जो मारला की ब्लॉक ओला असल्यासारखा गडद आणि चकचकीत दिसतो, वेट लुक म्हणून विकतात तो हाच. दारातल्या माणसाला दुसराच विकायचा असतो कारण फरक लगेच दिसतो आणि गिऱ्हाईक खूश. पण हा थर पावसात घसरतो. आपल्याकडे घरटी दोन-दोन ॲक्टिव्हा, उतारावरनं गेटमधून आत येताना ब्रेक मारायचा, वर शॉवरसारखा पाऊस, आणि घरात सत्तरीचे आईवडील स्लीपर घालून फुलं तोडायला निघालेले. रॅम्पला तर हा थर लावूच नका असं माझं ठाम मत आहे. सपाट जागेत लावायचाच असेल तर दुसऱ्या कोटमध्ये अँटी-स्किड पावडर मिसळायला सांगा. मला विचाराल तर आत मुरणाराच बरा, जरी शेजाऱ्यांना काही केलंय हे कळणार नाही.

आणि ब्लॉक नवे असतील तर थांबा. नव्या सिमेंटमधून पांढरे क्षार वर येतात, लोणा लागल्यासारखं दिसतं, एक पावसाळा गेला की बहुतेक आपोआप कमी होतं. त्याआधी थर मारला की तो पांढरेपणा कायमचा काचेखाली ठेवल्यासारखा.

माणूस दारात उभा आहे, आता काय बोलायचं

गेटच्या बाहेरच बोला. नाव, मोबाईल नंबर विचारा आणि त्याच्यासमोरच त्या नंबरवर मिस्ड कॉल द्या, फोन वाजतो का बघा. टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, सहज, गप्पा मारत. याने चांगला माणूस नाराज होत नाही.

मग "पुढच्या लेनमध्ये काम चालू आहे" म्हणाला ना, तर चप्पल घाला आणि चला बघायला. तिथल्या घरमालकाशी बोला. काम नसेलच तर तो टेम्पोत बसून निघून जाईल, तुमचा वेळ वाचला. काम असेल तर बघा कसं करतोय. पण आज केलेलं काम आज छानच दिसतं, तेव्हा त्याला विचारा की गेल्या वर्षी केलेलं एक घर दाखव, एक पावसाळा खाल्लेलं. हा प्रश्न फार गुणी आहे.

"मटेरियल उरलंय म्हणून स्वस्तात देतो" हे वाक्य आलं की तिथेच थांबायचं. सोसायटीच्या डांबरी रस्त्यासाठी तर खास हे वाक्य वापरतात, साईटवरचं डांबर उरलंय, गरम आहे, आत्ताच टाकावं लागेल वगैरे. उरलेलं मटेरियल कुणाचं, कधीचं, काय मिसळलेलं, काही कळत नाही. ही युक्ती जगभर चालते, इंग्लंड-अमेरिकेतही दारात येऊन ड्राइव्हवेवर काळं पातळ काहीतरी शिंपडून पैसे घेऊन पसार होणारे असतातच. तिकडं निदान दारात केलेला करार रद्द करायला कायद्याने मुदत मिळते, इंग्लंडात साधारणपणे १४ दिवस, अमेरिकेत ३. आपल्याकडे तसल्या मुदतीच्या भरवशावर राहू नका, आधीच दोन दिवस मागून घ्या. "विचार करून परवा फोन करतो" एवढं म्हणलं की झालं. परवा त्याचा भाव वाढला तर वाढू दे.

ज्यांची मुलं बंगलोरला नाहीतर अमेरिकेत आहेत आणि घरात दोघंच आहेत त्यांनी एक वाक्य पाठच करून ठेवावं, "घरातले व्यवहार मुलगी बघते, तिच्याशी फोनवर बोला." पुढे काही बोलायचं नाही. आणि पाणी प्यायला, वॉशरूमला, मोबाईल चार्जिंगला म्हणून घरात घ्यायचं नाही, पाणी-चहा बाहेर आणून द्या, जरूर द्या, पण बाहेर.

कामाची माहिती आहे का हे कळायला मी तीन गोष्टी विचारतो. शेवाळाला काय वापरता, जॉइंटमधली वाळू उडाली तर काय करता, आणि सील कधी मारायचं. नीट उत्तरं साधारण अशी येतात, शेवाळाला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी) किंवा शेवाळाचं औषध, वाळू परत भरून देतो, आणि सील सुकल्यावर दोन-तीन दिवसांनी. "ॲसिड मारतो, एकदम नव्यासारखं होतं" असं आलं तर नमस्कार करा.

ॲसिडचं जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. ॲसिड ओतलं की भसाभसा फेस येतो आणि तो माणूस म्हणतो बघा काका किती मळ निघाला. तो फेस मळाचा नसतो, सिमेंट किंवा चुनखडी विरघळतेय त्याचा असतो. ब्लॉकची वरची गुळगुळीत साय निघून जाते, त्या दिवशी खरंच उजळ दिसतं, पण पृष्ठभाग खरबरीत झाला की पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट जोमाने धरतं. शहाबादी नि कोट्याची तर रयाच जाते, पॉलिश उडून कायमची निस्तेज. शिवाय ते पाणी झाडांच्या मुळाशी, बोअरच्या रिचार्ज पिटमध्ये (पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्यात), गेटच्या लोखंडावर जातं ते वेगळंच. आणि हे मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखं वाचा, हायपो टाकलेल्या जागेवर ॲसिड कधीही पडू द्यायचं नाही, त्यातनं क्लोरीन वायू निघतो, माणूस गुदमरतो.

भाव, मोजमाप आणि व्हॉट्सॲपवरचा करार

भाव चौरस फुटावर ठरतो, म्हणून मोजमाप तुम्ही करा, टेप घेऊन, त्याला दुसरं टोक धरायला लावून. अंदाजे "हजार फूट असेल" म्हणणारे फार, आणि मोजलं की साडेसहाशे निघतं. दोन-तीन जणांचे भाव घ्या, त्यात एखादा बोर्ड लावून बसलेला, बिल देणारा असू दे. जीएसटी नंबर नसला म्हणजे फसवा असं नाही, नुसती सेवा देणाऱ्या छोट्या माणसाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत तो घ्यावाच लागत नाही. पण जो कार्डावर नंबर छापून १८ टक्के लावतो त्याचा नंबर जीएसटीच्या साईटवर टाकून बघा, १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो.

सीलरचा हिशोब कळला की अर्धी फसवणूक तिथेच संपते. समजा जागा २० बाय ३०, म्हणजे ६०० फूट. डब्यावर कव्हरेज लिहिलेलं असतं, ब्लॉक किती पाणी पितो त्यावर एका लिटरमध्ये एका कोटला ४० ते ८० फूट असं काहीतरी. ५० धरलं तर एका कोटला १२ लिटर, दोन कोटला २४. आता टेम्पोतनं पाच लिटरचा एकच कॅन उतरला आणि त्यात दोन कोट करून देतो म्हणाला तर तो लिटरला २४० फूट काढणार आहे, म्हणजे पाणी नाहीतर थिनर ओतूनच. हे गणित त्याच्यासमोर मोठ्याने करा, मजा येते.

यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सीलर स्वतः विकत आणा. पेठेतल्या मोठ्या पेंट-हार्डवेअरच्या दुकानात नामांकित कंपन्यांचे मिळतात, सीलबंद डबा, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, पक्कं बिल. कारागिराला फक्त मजुरी. बिननावाच्या पांढऱ्या कॅनमधलं काहीही अंगणात पडू देऊ नका. चांगले कारागीर याला तयार होतात, थोडं तोंड वाकडं करतात, पण होतात.

स्टॅम्पपेपर वगैरे लागत नाही, एक मेसेज पुरतो, पण तो काम सुरू व्हायच्या आधी हवा. साधारण असा:

"पार्किंग आणि गेटपर्यंतचा भाग, मोजून ६०० चौ. फूट. प्रेशरने धुणे, शेवाळ काढणे, सुकल्यावर जॉइंटमध्ये वाळू भरणे. ॲसिड वापरायचं नाही. गाळ गोळा करून पोत्यात भरून देणे. दर चौ. फुटाला अमुक रुपये, सगळं धरून, मशीन आणि मजूर तुमचे, पाणी आणि लाईट आमची. पैसे काम बघून यूपीआयने, थोडे वाळू भरल्यावर. सील करायचं आज काही ठरलेलं नाही. ओके असेल तर रिप्लाय द्या."

त्याचा ओके आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि जागेचे आधीचे फोटो काढा, तुटलेले ब्लॉक, भिंतीचा रंग, गाडीवरचे ओरखडे सकट, म्हणजे नंतर कोण काय म्हणाला यावर वाद नको.

धुण्याचा दिवस

महिना कुठला? नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. दिवाळीच्या आधीची घाई समजते मला, पण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस परततो असं धरलं तरी खालची माती ओलीच असते आणि अधूनमधून सर येतेच. नुसतं धुवायला दिवाळी चालेल, सीलला डिसेंबर बघा. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, ब्लॉक तव्यासारखे तापतात, संध्याकाळी वळीव कोसळतो, आणि पाण्याचीही मारामार.

पाण्याचा हिशोब करा. मोठं मशीन मिनिटाला साधारण १० लिटर घेतं, म्हणजे तासाला ६००, तीन तास ट्रिगर दाबलेला राहिला तर १८०० लिटर. टाकी रिकामी होऊन घरात अंघोळीला पाणी नाही असं व्हायला नको. बोअर असेल तर बोअरचं वापरा, नाहीतर टँकर. खडकवासल्यात पाणी कमी असताना पिण्याच्या पाण्याने अंगण धुण्यावर कॉर्पोरेशन बंधनं घालतं आणि शेजारी फोटो काढायला तयारच असतात.

लाईटचं तर अजिबात हलक्यात घेऊ नका. पार्किंगमध्येच महावितरणचा मीटर बॉक्स असतो, पंपाचं स्टार्टर असतं, कुणाकडे इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर. हे सगळं प्लॅस्टिकने झाकून टेप लावून घ्या. मशीन १६ अँपिअरच्या सॉकेटवर, ईएलसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) असलेल्या लाईनवर, आणि वायरचे जोड पाण्यात पडलेले दिसले तर काम तिथेच थांबवा. गमबूट नि गॉगल नसतील तर मी तर काम सुरूच करू देणार नाही, आपल्या दारात कुणाच्या डोळ्यात काही गेलं तर ते कुणालाच नकोय.

क्रम असा ठेवायचा. आधी कोरडा झाडू आणि जॉइंटमधलं गवत उपटणं. मग झाडांच्या कुंड्या आणि कडेचं गवत साध्या पाण्याने भिजवून ठेवायचं म्हणजे हायपो पडलं तरी जळत नाही. शेवाळावर पातळ केलेलं हायपो शिंपडून दहा-पंधरा मिनिटं, सुकू द्यायचं नाही, ब्रश मारायचा. मग प्रेशर. नोझल पंख्यासारखं पाणी पसरवणारं हवं, ब्लॉकपासून फूटभर लांब, तिरकं धरून, सगळीकडे एकसारखं. एका बिंदूत गोल फिरणारं नोझल जवळ धरलं की ब्लॉकवर गोल-गोल नक्षी उठते आणि ती जात नाही. गोल झाकणासारखं सरफेस क्लीनर असेल त्याच्याकडे तर फारच छान, पट्टे पडत नाहीत आणि भिंतीवर चिखल उडत नाही. आधी एक कोपरा करून दाखवायला सांगा, बघा, मग पुढे जाऊ द्या.

डागांना वेगवेगळं लागतं. ऑईलच्या ताज्या डागावर लाकडाचा भुसा नाहीतर सिमेंट टाकून रात्रभर ठेवायचं, मग गरम पाणी आणि डिग्रीझर. जुना ऑईलचा डाग फिका होतो, पूर्ण जात नाही, जाईल असं वचन कुणी देऊ नये आणि तुम्हीही धरून बसू नका. गंजाच्या पिवळट डागाला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, तेही सिमेंटच्या ब्लॉकवर, पातळ, तेवढ्याच जागी, हायपो पूर्ण धुऊन गेल्यावर, आणि शहाबादी-कोट्यावर तेही नको. पांढऱ्या क्षारांचा लोणा असेल तिथे मात्र आधी पाणी नाही, कोरड्या ब्रशने झाडून उचलायचा, पाणी मारलं की परत आत जातो आणि सुकताना परत वर येतो.

गाळ कुठे जातोय बघा. जॉइंटमधली सगळी माती-वाळू वाहत गेटबाहेरच्या पावसाळी चेंबरमध्ये जाते, आणि जूनमध्ये गल्लीत पाणी तुंबलं की सगळे कॉर्पोरेशनला शिव्या देतात. चेंबरच्या तोंडाशी गोणपाट लावा, गाळ खोऱ्याने उचला. रिचार्ज पिटकडे जाणारा पाईप त्या दिवसापुरता बंद करा, हायपोचं पाणी बोअरमध्ये नको.

वाळू, मग वाट बघणं

हे सगळेजण विसरतात आणि इथेच ब्लॉक सैल पडायला लागतात. जॉइंट साधारण २ ते ४ मिलीमीटरचे, त्यातली वाळू ब्लॉकला एकमेकांत जखडून ठेवते, प्रेशरने ती निम्मी उडालेली असते. ब्लॉक सुकल्यावर, धुतल्यावर लगेच नाही, बारीक चाळलेली, पूर्ण कोरडी क्रश सँड किंवा धुतलेली वाळू वर पसरून झाडूने तिरकं-तिरकं ढकलत भरायची, जमलं तर रबर लावलेल्या प्लेट कॉम्पॅक्टरने एक फेरी, परत वाळू, परत झाडू. ओली वाळू जॉइंटच्या तोंडाशीच बसते आणि आत पोकळ राहतं. सिमेंट-वाळू कालवून भरतो म्हणाला तर नाही म्हणा, ते चिरतं, ब्लॉकला डाग पाडतं आणि पाणी मुरणं बंद. या कामासाठी त्याला दोन दिवसांनी परत यावं लागतं, म्हणूनच मेसेजमध्ये थोडे पैसे त्यावर अडकवून ठेवलेत.

सील करायचं ठरलं असेल तर आता ओल तपासा. दीड बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ब्लॉकवर ठेवून चारी बाजूंनी टेपने चिकटवा, निदान १६ तास राहू द्या. उचलल्यावर आतून घाम धरला असेल किंवा खालचा ब्लॉक गडद झाला असेल तर अजून थांबा. फुकटची टेस्ट आहे आणि कुठल्याही कारागिराच्या "सुकलंय हो काका" पेक्षा खरी आहे.

सील करायचा दिवस

आधी कोपऱ्यात दोन बाय दोन फुटाचा नमुना मारून आठवडाभर बघा, त्यावर पाणी ओतून ओल्या चपलेने चालून बघा. पटलं तर पुढे.

थंडीत पुण्यात पहाटे दव पडतं, म्हणून सकाळी दहाच्या आत सुरू करायचं नाही आणि दुपारी तीनपर्यंत संपवायचं, म्हणजे रात्रीच्या दवाच्या आत वरचा थर धरतो. डबा तुमच्यासमोर फोडायचा, ढवळायचा, आणि कंपनीने पातळ करायला सांगितलं नसेल तर त्यात काहीही मिसळायचं नाही. रोलरने दोन पातळ कोट, एकच जाड कोट नाही. कुठेही डबकं साचू द्यायचं नाही, विशेषतः जॉइंटच्या खाचेत. आत मुरणारा सीलर असेल तर वर राहिलेला जास्तीचा लगेच पुसून घ्यायचा, नाहीतर चट्टे.

सॉल्व्हेंटवाला सीलर असेल तर त्याची वाफ पेट घेते. सिगरेट-विडी नाही, पार्किंगकडे उघडणाऱ्या किचनच्या खिडक्या बंद, आणि त्या संध्याकाळी तुळशीपुढचा दिवा घरातच लावा. लहान मुलं नि कुत्री-मांजरं लांब. चालायला साधारण एक दिवस, गाडी आणायला दोन-तीन दिवस, पण डब्यावर जे लिहिलंय ते पाळा. तोवर गाड्या रस्त्यावर लावायच्या, म्हणजे शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, पुण्यात पार्किंगवरनं भांडण व्हायला यापेक्षा कमी कारण पुरतं.

पैसे, आणि बिनसलंच तर

आगाऊ पैसे द्यायचे नाहीत, सीलर तुम्हीच आणलाय तर गरजही नाही. कामाचे पैसे यूपीआयने, पेमेंट करताना स्क्रीनवर येणारं नाव आणि त्याने सांगितलेलं नाव जुळतंय का बघा, कागदावर "मिळाले" म्हणून सही घ्या. पाच वर्षांची गॅरंटी देतो म्हणाला तर कशाची, सोलणं की रंग की डाग, ते लिहून घ्या. नुसत्या तोंडी गॅरंटीची मुदत टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंतच.

काही जण काम निम्मं झाल्यावर मोजमाप वाढवतात, मजूर गेटमध्ये ठाण मांडून बसतात, रोखच पाहिजे म्हणतात. आवाज चढवू नका, शेजाऱ्यांना बोलवा, मेसेज दाखवा, ठरलेले द्या, आणि दमदाटी झाली तर सरळ ११२ लावा. रिफंड देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. त्यात पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० वर फोन, जितका उशीर तितकी परत मिळायची आशा कमी.

काम खराब निघालं तर आधी फोटोंसकट व्हॉट्सॲपवर लेखी कळवा आणि दुरुस्तीला एक तारीख द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्यानेही नाही झालं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ऑनलाईनही होते, दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली, त्यांच्याकडेही मार्गदर्शन मिळतं. पण या सगळ्याला माणसाचं खरं नाव-पत्ता, मोजमापाचा मेसेज, पेमेंटची नोंद, डब्याचा फोटो आणि बिल लागतं, तेव्हा ते फोनमध्ये एका फोल्डरमध्ये टाका आणि तो फोल्डर घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.